ओपलच्या मातीचं जेवण

आमच्या चर्चच्या तळघरात जे स्वयंपाकघर आहे, त्याचा एकच कायदा आहे आणि तो कुठे लिहिलेला नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांनी त्या दिवशी आत पाऊल टाकायचं नाही. पाव कापायचे नाहीत, कॉफी ओतायची नाही, कप विसळायचा तर नाहीच नाही. बाहेर पांढरं कापड घातलेल्या टेबलाशी बसायचं, रडायचं असेल तर रडायचं आणि बाकीच्या बाया आणून देतील ते खायचं. माझा नवरा हार्लन गेला त्या दिवशी मी सवयीने एक रिकामी बशी उचलून आत निघाले, तर ओपलने ती माझ्या हातातून हिसकावून घेतली.

"बस तिकडे," म्हणाली. "आज तू पाहुणी."

आता ओपलच गेली होती आणि आत आम्ही दोघीच उरलो होतो, मी आणि लोर्ना.

एके काळी या चर्चमध्ये बायकांची तीन मंडळं होती. रूथ मंडळ, मार्था मंडळ आणि एस्तेर मंडळ. पाळीपाळीने मातीची जेवणं करायची. मार्थावाल्या पावाला लोणी लावतात की नुसतं दाखवतात, असं आम्ही रूथवाल्या म्हणायचो, आणि रूथवाल्यांच्या कॉफीत कपाचा तळ दिसतो, असं त्या म्हणायच्या. मग शाळा बंद झाली, तिच्यामागून दुकान गेलं, बँक गेली, आणि पोरं तर त्याच्याही आधीपासून जात होती. त्या दिवशी रूथ मंडळ म्हणजे मी, मार्था मंडळ म्हणजे लोर्ना, आणि एस्तेर मंडळ वर वेदीसमोर शवपेटीत निजलेलं. हायवेवरच्या पाटीवर मात्र अजून 'ब्रेडाल, लोकवस्ती २१२' असंच आहे. सरकारने ती बदलली नाही आणि आम्हीही आठवण करून द्यायला गेलो नाही. खरा आकडा सांगायला मला एका दमात सगळ्यांची नावं घेता येतील.

सकाळी लोर्ना माझ्या आधीच येऊन बसली होती. ओट्यावर हॅमचा मोठा तुकडा, शेजारी सुरी परजून ठेवलेली.

"किती पाव धरायचे?" मी विचारलं.

"तीस."

"साठ तरी लागतील."

"साठ? गाईगुरं पण मोजलीस काय गं?"

"ओपलने आख्खी हयात शाळेत घालवली. निम्म्या काउंटीला पाढे तिने शिकवले."

"शिकवले ना. पण ती पोरं आहेत कुठे आता? आणि मागे राहिलेत ते मक्याच्या कापणीत. उरलं तर आठवडाभर तुलाच हॅम खावा लागेल, सांगून ठेवते."

"खाईन."

"खाशील. तुला काय, तू कागद पण खाशील."

आमचं हे असंच असतं. तिने सुरी उचलली आणि माझ्याकडे न बघता साठ पावांचा हॅम कापायला घेतला. मी लिंबाच्या जेलीत गाजर किसून घातलं. हे ओपलच्या हातचं जेलीचं सॅलड, तिच्याशिवाय कोणालाही न आवडणारं. पण तिच्या मातीला ते नसतं तर बरं दिसलं नसतं.

खरं सांगायचं तर माझं लक्ष गाजरात नव्हतं. लोर्नाला एक गोष्ट सांगायची होती, आणि ऑगस्टपासून ती माझ्या घशात अडकली होती.

माझा मुलगा केंट सू फॉल्स शहराच्या बाहेर राहतो. जिथे मी लग्नानंतर मक्याची शेतं बघितली, तिथे आता एकाला एक लागून घरं, प्रत्येक घराला गाड्यांसाठी तीन दारं. त्याच्या काउंटीत माणसं मावत नाहीत. शाळा बांधून होईपर्यंत ती अपुरी पडते, म्हणून मैदानात पत्र्याच्या खोल्या टाकून वर्ग भरवतात. आमच्या शाळेचं जिम एका माणसाने कापणीयंत्र ठेवायला घेतलंय. केंटने खाली माझ्यासाठी एक खोली काढली. गेल्या हिवाळ्यात मी बर्फावर घसरून पडले तेव्हापासून त्याचा जुना धोशा वाढला होता, आणि ऑगस्टमध्ये दमून मी हो म्हटलं. पहिला बर्फ पडायच्या आत जायचं असं ठरलं. माती आटोपून दुसऱ्या दिवशी तो सामान नेणार होता. आणि लोर्नाला यातला एक शब्दही माहीत नव्हता.

कारण आमचे ते पडदे.

आमची घरं रस्त्याच्या समोरासमोर. सकाळी उठलं की पहिलं काम म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा वर ओढायचा. पडदा वर म्हणजे बाई जिवंत. हे आम्ही कधी ठरवलं नाही, बोललो तर त्याहून नाही. एका जानेवारीत मी तापाने फणफणले होते, उठवेना. थोड्या वेळाने मागच्या दारात किल्ली फिरली आणि लोर्ना आत आली, घरातल्या सपाता घालून, घोट्यापर्यंत बर्फ. माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "तुझा पडदा अडकला की काय म्हणून बघायला आले." मग तीन दिवस सूप आणून देत होती. त्यावरही आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

मी गेले तर तिच्या पडद्याकडे कोण बघणार? तिच्या रांगेत दुसरं घर नाही. उरलेली माणसं गावाच्या पार त्या टोकाला, धान्याच्या कोठाराकडे. हे मला रात्र रात्र खात होतं, आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

त्यात आणखी एक वचन होतं. हार्लन गेल्यानंतरच्या एका मातीला, सगळे गेल्यावर, आम्ही तिघी ओट्याशी उभ्यानेच खात होतो. वाढणाऱ्या बाया बसून खात नाहीत, आमच्याकडे ती रीतच नाही. ओपल तोंडात पाव असतानाच म्हणाली होती, "ऐका गं, मागे राहील तिने पुढे जाईल तिचा हॅम कापायचा. उगाच बाहेरचा माणूस बोलवायचा नाही."

"आणि सगळ्यात शेवटी राहील तिचा?" लोर्नाने विचारलं होतं.

"शेवटचीला भूक कुठली," ओपल म्हणाली, आणि तिघी हसलो होतो.

सकाळभर काम करताना माझ्या एक लक्षात आलं. लोर्ना मधूनमधून वरची कपाटं उघडत होती आणि वाडगी उलटी करून बघत होती. आमच्याकडे प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं. कपाटं भरून आहेत अशा नावांनी, बहुतेक सगळ्या मालकिणी वर टेकडीवर पुरलेल्या. लोर्ना आपल्या नावाची तेवढी वाडगी वेगळी काढून एका खोक्यात ठेवत होती. मी बघितलं आणि विचारलं नाही. आम्ही विचारणारी माणसं नव्हेत. कोणी पाण्यात बुडत असला तरी 'नको नको, तुम्ही कशाला तसदी घेता' म्हणेल, आणि काठावरचा म्हणेल, 'बरं तर.'

पास्टर क्रिस्टीन धावतपळत जिना उतरून आली. पोरगी चार चर्चं सांभाळते, तिच्या गाडीतच तिचं निम्मं आयुष्य जातं.

"मावशी, सगळं ठीक ना? मला दोन वाजता दुसरीकडे दफन आहे. जेवायला थांबता नाही येणार."

"पास्टर, तुम्ही एक पाव हातात घेऊन जा," लोर्ना म्हणाली आणि तिच्या कोटाच्या खिशात रुमालात गुंडाळून दोन कोंबले. "हाडं दिसायला लागलीत तुमची. देवाचं काम उपाशीपोटी करतात का?"

मग वरती ऑर्गन सुरू झाला आणि गाड्या यायला लागल्या.

तळघराच्या खिडकीतून फक्त चाकं आणि बूट दिसतात. चाकं थांबेचनात. चर्चच्या आवारात जागा संपली, रस्त्याच्या कडेने रांग लागली, अगदी बंद दुकानापर्यंत. कुठकुठल्या राज्यांच्या नंबरपाट्या. ओपलने ज्यांना गुणाकार शिकवले ती सगळी केस पिकलेली पोरं आली होती. आमचं गाव आता मातीच्या दिवशीच भरतं. साठ पाव बघता बघता संपत आले. आम्ही उरलेले अर्धे करून मांडले, मग चतकोर केले. लोर्नाने एका शब्दाने मान्य केलं नाही की तिचा आकडा चुकला होता.

"तू पण साठच म्हणालीस," एवढंच म्हणाली.

लोक जेवत होते, बोलत होते. कोणाची पोरं शाळेत जागा नाही म्हणून लांबच्या शाळेत घातलेली, कोणाला कामावर जाताना रोज तासभर गाड्यांच्या गर्दीत बसावं लागतं, कोणाच्या शेजारी कोण राहतं हेच त्यांना माहीत नाही. सांगताना प्रत्येकाच्या आवाजात तक्रार आणि थोडा अभिमान. मी कॉफीचं भांडं घेऊन टेबलाटेबलाने फिरत होते. रॉजर नावाचा एक जण, घरं बांधून विकतो तो, त्याने माझा हात धरला.

"तुम्ही दोघी आहात म्हणून हे गाव आहे," तो म्हणाला. डोळ्यांत पाणीबिणी. "कुठे जाऊ नका हं. आम्हाला परत यायला काहीतरी पाहिजे."

स्वतः शाळा संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेलेला माणूस. गरम कॉफी त्याच्या मांडीवर ओतावी असं मनात आलं. "अजून एक वडी घे," मी म्हटलं.

आणि तेवढ्यात मागून केंटचा आवाज ऐकू आला. तो लोर्नाशी बोलत होता. पोराला वाटलं, आईने केव्हाच सांगितलं असेल. त्याची काय चूक?

"लोर्ना मावशी, उद्या तुमचा भाचा मोकळा असेल का हो? आईचं कोपऱ्यातलं कपाट माझ्या एकट्याच्याने गाडीत चढणार नाही."

लोर्ना त्याच्या कपात कॉफी ओतत होती. कप भरला, बशी भरली, टेबलक्लॉथवर डाग पडला. उभ्या जन्मात मी तिला एक थेंब सांडताना पाहिलेलं नाही.

"विचारून सांगते," ती म्हणाली आणि फडकं आणायला आत गेली.

मी तिच्यामागे निघाले. पण अजून पन्नास माणसं जेवायची होती, आणि वाढणं अर्ध्यावर टाकून कोणी बोलत बसत नाही. आम्ही वाढलं. शेजारी शेजारी उभ्या राहून, एकमेकींच्या कोपराला कोपर लागेल अशा, तासभर तरी वाढत राहिलो आणि 'तो चमचा दे' याच्यापलीकडे एक शब्द नाही.

चार वाजेपर्यंत सगळे गेले. लांब जायचं होतं सगळ्यांना. प्रत्येकाने सांगितलं की असं भेटलं पाहिजे, माती नसताना पण भेटलं पाहिजे. केंट आणि दोन पुरुष वर खुर्च्या लावत होते. लोर्नाने नळ सोडला आणि कपांच्या ढिगावर साबण ओतला.

"कुठलं कपाट?" तिने पाण्याकडे बघत विचारलं. "काचेची दारंवालं?"

"हो."

"जडच आहे ते."

मी पुसायचं फडकं घेतलं. थोडा वेळ ती घासत होती आणि मी पुसत होते. मग तिने नळ बंद केला.

"सांगणार कधी होतीस, आर्डिस? का तुझा पडदा खाली दिसला की मी समजून घ्यायचं?"

कोंडीत सापडले की मी भांडते, माझा स्वभावच तो.

"आणि तुझ्या वाडग्यांचं काय?" मी म्हटलं. "सकाळपासून आपली आपली नावं वेचून खोक्यात भरतेस. मला काय डोळे नाहीत?"

तिचा चेहरा एकदम उतरला. ओल्या हातांनीच ती दारामागच्या स्टुलावर टेकली.

"जोडी," ती म्हणाली. जोडी म्हणजे तिची मुलगी, टेक्सासला, डॅलसच्या बाहेर. "सहा वर्षं बोलावतेय. गेल्या महिन्यात मी घर विकलं. रानकोंबड्यांच्या शिकारीला येतात ना, त्या लोकांनी घेतलं. मोसमात उतरायला."

"सहा वर्षं?"

"हो."

"मग गेली का नाहीस?"

"जाणार कशी?" ती एकदम ओरडली. लोर्ना ओरडत नाही. "तू समोर! हार्लन गेल्यापासून तुझा दिवा रात्रभर जळतो. मला काय दिसत नाही? म्हटलं, मी गेले तर ही बाई एकटी मरून पडेल आणि कोणाला कळायचं नाही. तू काय कोणाला हाक मारणारी आहेस?"

"माझ्यासाठी थांबलीस?"

"मग काय हवेसाठी?"

"अगं लोर्ना," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. "दिवा मी तुझ्यासाठी ठेवायचे. तुला रात्री काही झालं तर इकडे कोणी जागं आहे असं वाटावं म्हणून. केंट चार वर्षं मागे लागलाय. मी म्हणायचे, लोर्नाचं काय होईल."

तिने ओले हात एप्रनला पुसले.

मला हसू यायला हवं होतं. ओपल असती तर तिने हसून तळघर डोक्यावर घेतलं असतं. पण मला हसू आलं नाही. मला एवढं थकल्यासारखं झालं की मी त्या ओल्या ओट्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिले. इतके हिवाळे. फुटलेले पाइप, अडलेले रस्ते, डॉक्टरकडे जायला दीड तास, आणि नातवंडं आमच्यावाचून तिकडे मोठी झाली. दोघी एकमेकींवर उपकार करत बसलो होतो आणि उपकार दोघींनाही नको होते. एकीने एकदा नुसतं विचारलं असतं. पण ज्या माणसाच्या दारातला बर्फ आपण त्याला न कळता काढतो, त्याला 'तुला इथे राहायचंय का गं?' एवढं विचारायला आमची जीभ उचलत नाही.

"शेवटची कोण, हा प्रश्नच सुटला," लोर्ना म्हणाली. "कोणीच नाही."

"आणि हॅम?"

"जोडीकडे चर्च आहे. तीन हजार माणसं. मातीचं जेवण बाहेरून मागवतात. प्लॅस्टिकच्या डब्यात." तिने नाक मुरडलं. "पावाला लोणी लावत नाहीत."

"नुसतं दाखवत पण नाहीत?"

तिने माझ्याकडे रागाने बघितलं. मग ती उठली, हाडाला उरलेला हॅम पुढे ओढला आणि सुरी घेतली. चार पातळ काप काढले. माझ्यासाठी ठेवल्यासारखा शेवटचा एक पाव कुठून तरी काढला, कापला आणि त्याला लोणी लावलं, पार कडेपर्यंत, जाड.

"जा बाहेर," ती म्हणाली. "घरच्यांच्या टेबलाशी बस."

"काय करतेस?"

"आर्डिस, बस म्हटलं ना. आज तू पाहुणी."

मी बाहेर जाऊन पांढऱ्या कापडाच्या टेबलाशी बसले, कॉफीचा डाग समोर. लोर्नाने बशी आणून माझ्यापुढे ठेवली, डाव्या बाजूने, जशी आम्ही घरच्यांना ठेवतो. मी दोन घास खाल्ले आणि उठले. आत गेले, तिचा हॅम कापला. पाव संपले होते म्हणून एक उरलेली वडी शेजारी ठेवली आणि कॉफी ओतली, माझी, पातळ. तिला बाहेर बसवलं. इतकी वर्षं त्या तळघरात वाढलं, पण तिथे बसून खाण्याची आम्हा दोघींचीही पहिलीच वेळ, नवरे गेले ते दिवस सोडले तर.

"आर्डिस हौगेन," लोर्ना पास्टरच्या आवाजात म्हणाली, "कॉफी अशी करायची की तळ दिसायचा. भांडखोर होती. माझ्या दारातला बर्फ माझ्या आधी उठून काढायची आणि मी विचारलं की म्हणायची, वाऱ्याने गेला असेल."

"वाऱ्यानेच जायचा."

"मेलेल्या माणसाने मध्ये बोलायचं नसतं."

मग माझी पाळी आली. मी म्हटलं, ही लोर्ना स्ट्रँड, लोणी लावायला चिकट, आकडा चुकला तरी कबूल न करणारी. आणि मग मला ते जानेवारीतले तिच्या सपातांवरचे बर्फाचे गोळे आठवले, आणि 'पडदा अडकला की काय' हे वाक्य मी अर्धंच म्हणू शकले. मी रडले, मोठ्याने. हार्लनच्या दिवशी लोक होते म्हणून तेव्हा रडले नव्हते. लोर्नाने कागदी रुमाल पुढे सरकवला आणि दुसरा स्वतः घेतला.

जिन्यावर केंटची पावलं वाजली. तो आत आला. आमचे डोळे त्याने बघितले आणि ओपलसाठी रडलोय असं समजून काही विचारलं नाही. चांगला आहे पोरगा. खुर्च्या लावून झाल्या म्हणाला, आणि टेबलावर राहिलेले दोन कप आणि दोन बश्या उचलायला वाकला.

"हे राहिलेत. मी विसळून टाकतो."

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "घरच्यांनी घासायचं नसतं."

"कोणाच्या घरच्यांनी? मग घासणार कोण, आई?"

लोर्नाने वाडग्यांचं खोकं त्याच्या हातात दिलं, मी कोट घेतला. दोन्ही कप तिथेच पांढऱ्या कापडावर होते, तिचा अर्धा भरलेला. लोर्नाने दिवा मालवला आणि आम्ही जिना चढायला लागलो.